फाटकातून गाडी ढकलत

माझा नवरा मोटरसायकलवर एकटा नेपाळला निघाला, त्या सकाळी गल्लीतल्या बाया आपापल्या दारात उभ्या राहून पाहून राहिल्या होत्या. आणि या माणसानं गाडी चालूच केली नाही. सामान बांधलेली गाडी ढकलत ढकलत कोपऱ्यावरच्या नळापर्यंत नेली, तिथं किक मारली आणि गेले. समोर नवीन राहायला आलेली मिश्राइन मला म्हणाली, दीदी, गाड़ी ख़राब है क्या. मी म्हटलं, गाडी चांगली आहे, माणूस बिघडला आहे. ती हसली. मला काही हसू आलं नाही, रडूही आलं नाही. आत जाऊन कुकर लावला.

यांचं नाव नीलकंठ रामटेके. माझं अनसूया. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही वगैरे आमच्यात कोणी पाळत नाही, पण फॅक्टरीत सगळे त्यांना रामटेके म्हणत, तर मीही रामटेकेच म्हणायला लागली. जबलपुरात फॅक्टऱ्या काय कमी आहेत? यांची कोणती ते विचारू नका, बारूदीचं काम होतं एवढं समजा. सासरे पवनीहून इकडं आले आणि फॅक्टरीत लागले, मग हे लागले. बारूद भरायच्या सेक्शनमध्ये. बाहेर लोक म्हणत, सरकारी नोकरी, मजा आहे. मजा कसली बाप्पा. सकाळी भोंगा वाजला की माणूस फाटकाच्या आत, आणि संध्याकाळी बाहेर येईपर्यंत आपला जीव मुठीत.

तिथले कायदे मला तोंडपाठ आहेत, कारण ते कायदे माझ्या घरात राहत होते. फाटकाच्या बऱ्याच अलीकडे गाडी बंद करायची. उतरायचं, हेल्मेट काढायचं, गाडी ढकलत आत न्यायची. खिशात माचिस नको, विडी नको. मोबाईल आले तसा मोबाईलही नको. फाटकाजवळ एक खिडकी, आत भिंतीला लाकडी खाने, प्रत्येकाचा आपला खाना. तिथं मोबाईल जमा करून आत जायचं. सुटल्यावर दोन्ही हात वर करून झडती द्यायची आणि ज्या खिडकीत दिला तिथूनच आपला मोबाईल घ्यायचा. दुसऱ्याच्या मोबाईलला हात लावायचा नाही, सख्खा भाऊ असला तरी नाही.

हे सगळं या माणसाच्या अंगात इतकं मुरलं होतं की काय सांगू. गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी बंद, आणि घरापर्यंत ढकलत. लोकांना वाटे पेट्रोल वाचवून राहिले. शहपुऱ्याला नात्यातल्या लग्नाला गेलो तर मंडपाच्या कमानीपाशी मला उतरवलं आणि गाडी ढकलत आत. वरातीतली पोरं टाळ्या वाजवून राहिली होती. किरायेदाराच्या कागदासाठी ओमतीच्या पोलीस ठाण्यात गेलो, तर दारातच शिपायाच्या हातात मोबाईल ठेवला आणि हात वर करून उभे राहिले. शिपाई बिचारा घाबरला, त्याला वाटलं हा गुन्हा कबूल करायला आला. मी घरी येऊन खूप बोलली. म्हटलं, अहो बह्याड आहात का तुम्ही, फॅक्टरी तिकडं आहे, इकडं काहून हात वर करता? ते म्हणाले, सवय. आणि ते तेव्हा हसायचे. हे मुद्दाम सांगून राहिली, की तेव्हा ते हसायचे.

यांचा जोडीदार होता श्यामसुंदर खोब्रागडे. एका सेक्शनमध्ये, एका पाळीत, मागच्या गल्लीत घर. त्याची बायको विनता माझी मैत्रीण. मैत्रीण म्हणजे रोजचं भांडण आणि रोजचा चहा. श्यामसुंदर मोठा आवाजी माणूस, त्याच्या मोबाईलची घंटीही तशीच, बँडवाल्यांच्या ट्रम्पेटसारखी. गल्लीच्या या टोकाला वाजली तर त्या टोकाला समजे की खोब्रागड्यांना फोन आला.

मग एक दिवस दुपारी फॅक्टरीकडून मोठा आवाज झाला. आमच्या भांड्यांच्या फळीवरची ताटं हलली. फॅक्टरीचा भोंगा अवेळी वाजायला लागला आणि वाजतच राहिला. मी धावत विनताकडं गेली. ती पलंगावर बसून श्यामसुंदरला फोन लावत होती. मी तिच्या बाजूला बसली. मला माझ्या नवऱ्याला फोन लावायचं सुचलंच नाही, मी तिच्याच हाताकडं पाहत बसली. ती लावायची, पूर्ण वाजायचा, बंद व्हायचा. पुन्हा लावायची. "वाजून राहिला ना, मग उचलत काहून नाही," एवढंच म्हणायची. मी म्हटलं, अगं जमा असतो ना मोबाईल, कसा उचलणार. ती हौ म्हणायची आणि पुन्हा लावायची. अंधार पडेपर्यंत तिनं बटण दाबलं.

रामटेके त्या दिवशी दुसऱ्या शेडमध्ये होते म्हणून वाचले. श्यामसुंदर वाचला नाही. ते सगळं मी सांगत नाही, मला सांगताही येत नाही. पण रामटेक्यांनी मला एक गोष्ट सांगितली, एकदाच, जेवताना, भाताकडं पाहत. सगळ्यांना बाहेर काढून फाटकाजवळ उभं केलं होतं. गिनती चालू होती. खिडकीला कुलूप होतं आणि आतून श्यामसुंदरचा फोन वाजत होता. "मला माहीत होतं कोण लावून राहिलं," ते म्हणाले. "मी तिथंच उभा होतो. वाजत होता." मी म्हटलं, मग? ते म्हणाले, "मग काही नाही. चार्जिंग संपली असेल." आणि भात कालवायला लागले.

त्यानंतर हा माणूस रडला नाही. श्यामसुंदरच्या पुण्यानुमोदनाला विहारात सगळे रडले, भंतेजींचा आवाज भरून आला, हे खाली बसून सतरंजीचा धागा ओढत होते. लोक म्हणाले, धक्का बसला, होईल हळूहळू. काही झालं नाही. नोकरी पूर्ण केली, फाटकातून गाडी ढकलत आत गेले, ढकलत बाहेर आले, हार घालून रिटायर झाले, हार खुंटीला टांगला. जेवण वाढलं की जेवायचे. मीठ जास्त असलं तरी जेवायचे. एकदा मी चिडून मुद्दाम वरणात मीठच घातलं नाही. हूं नाही की चूं नाही, ताट धुऊन ठेवलं. मला त्या ताटाचा असा राग आला की मी ते तसंच मोरीत आपटलं. दगडाशी बोलावं तर दगड निदान ऊन लागल्यावर गरम होतो.

आणि मोबाईल. त्या दिवसानंतर यांचा मोबाईल कायम मुका. घंटी बंद. घरात दुसऱ्या कोणाचा वाजला तर उठून अंगणात जायचे. म्हणून मीही माझी घंटी बंद केली. आणि मी यांना कधी फोन लावला नाही. मुका आहे म्हणून नाही, खरं सांगायचं तर माझीच हिंमत नव्हती. कानाला फोन लावून तिकडं वाजणं ऐकत बसायचं, ते मी विनताच्या बाजूला बसून पाहिलं होतं. तर आमच्या घरात फोन लावायचं काम रामटेक्यांचं. मी फक्त उचलायची.

या वर्षी थंडी सरत आली तसं यांचं काहीतरी वेगळं चालू झालं. आपल्या हाताची सगळी औजारं बाजूच्या स्वप्निलला देऊन टाकली, रिछाईत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. कपाट आवरलं. बँकेत जाऊन सगळीकडं माझं नाव घातलं आणि मला समजावून सांगितलं, हे इथं, ते तिथं. मग एका संध्याकाळी म्हणाले, गाडीवर लुंबिनीला जाऊन येतो. एकटा.

लुंबिनी म्हटल्यावर विहारातल्या बाया खूश. भगवंताचं जन्मस्थान, केवढं पुण्य, रामटेके साहेब, आमच्यासाठी मेणबत्ती लावा. मी कोणाला काय सांगू? या माणसानं वर्षानुवर्षं घरात धड वंदना म्हटली नव्हती. मी विचारलं, काहून जाता? ते म्हणाले, नोकरीत असताना देशाबाहेर जायला परवानगी लागायची, आता लागत नाही. मी म्हटलं, हे काय कारण झालं? ते गाडीची चेन कसत होते. मी म्हटलं, परत केव्हा येता? चेन कसत राहिले. मग म्हणाले, पाहू.

मला सरळ वाटलं की हा माणूस परत यायला जाऊन राहिला नाही. कुठंतरी नदी पाहील, कुठंतरी ट्रक पाहील. मी हे कोणाजवळ बोलली नाही, फक्त सुमेधला सांगितलं. सुमेध आमचा मुलगा, हैदराबादला असतो, मराठी समजते पण बोलतो हिंदीच. तो म्हणाला, मम्मी, घूमने दो ना पापा को, अच्छा रहेगा उनके लिए. पोराला काय सांगावं. मग विनताला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, जाऊ दे. मी म्हटलं, आणि नाही आले तर? ती म्हणाली, मग माझ्यासारखी राहशील. विनताचं बोलणं असंच आहे.

तर गेले. मैहर, रीवा करत वर. रोज संध्याकाळी फोन यायचा. पोचलो. जेवलो. ठेवतो. एवढंच. सारनाथहून आला, मी विचारलं, स्तूप पाहिला? म्हणाले, बाहेरून. बोधगयेहून आला. झाड पाहिलं? रस्त्यावरून दिसतं, म्हणाले. फाटकापर्यंत गेलो होतो. कुशीनगरलाही तेच. इतकी शेकडो मैल गाडी चालवून हा माणूस एकाही दारातून आत गेला नव्हता. प्रत्येक ठिकाणी फाटकापर्यंत गाडी ढकलत न्यायची, उभं राहायचं आणि परत. मी म्हटलं, अहो, आत तरी जा. ते म्हणाले, मोबाईल जमा करावा लागतो. मी म्हटलं, मग करा ना. ते म्हणाले, ठेवतो.

शेवटचा फोन नेपाळच्या सीमेजवळून, सिद्धार्थनगरच्या पुढून. मोठ्या नाक्यावर ट्रकांची मरणाची रांग होती, कोणीतरी सांगितलं की शेतांमधून एक छोटा नाका आहे, माणसं फार नसतात, तिथून लुंबिनी जवळ. तिथं जातो, म्हणाले. उद्या पलीकडे. मी म्हटलं, सांभाळून. ते म्हणाले, हौ. पोचलो, जेवलो, ठेवतो याच्यापेक्षा हे जास्तच बोलणं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला नाही.

सुमेध म्हणाला, मम्मी, उधर इंडिया का सिम नहीं चलता. चालत नसेल. मला पटलं. पटलं तरी मी फोन समोर ठेवून बसली. मला रडू येईना, भीतीही धड वाटेना. अंगात काही उरलंच नव्हतं, नळाला पाणी गेल्यावर नुसती तोटी उघडी राहते तसं. सकाळ झाली. दूध ओट्यावर तसंच राहिलं. दहाच्या सुमाराला विनता आली, माझ्याकडं पाहिलं, दूध गॅसवर ठेवलं आणि माझ्यासमोर बसली.

"लाव फोन," ती म्हणाली.

मी म्हटलं, तिकडं सिम चालत नाही. ती म्हणाली, नाही चालत तर बाई बोलेल की बंद आहे, लाव. मी म्हटलं, मुका असतो त्यांचा, कोणाला ऐकू जाणार. मी म्हटलं, मी नाही लावणार. मी काहीबाही बोलत राहिली. विनतानं माझ्या हातातून फोन घेतला, नाव शोधलं आणि लावला. आवाज मोठा करून दोघींच्या मध्ये पलंगावर ठेवला.

वाजायला लागला. बंद नव्हता. विनताचा चेहरा मला पाहवेना, मी चादरीच्या फुलाकडं पाहत होती. दुसरी घंटी पूर्ण व्हायच्या आत कोणीतरी उचलला. बाईचा आवाज, आणि ही चिडलेली.

"कल दोपहर से लेके बैठे हैं," ती म्हणाली. "बाबूजी बोल गए थे घर से फोन आएगा। रात को घर ले गए साथ में, सिरहाने रखे। आप लोग फोन करते काहे नहीं?"

मी विचारलं, तुम्ही कोण? नाक्याजवळ चहाचं दुकान होतं तिचं. मग तिनं सगळं सांगितलं, आणि सांगताना तिला हसू येत होतं. काल दुपारी एक म्हातारे बाबूजी मोटरसायकल ढकलत आले. तिला वाटलं गाडी बिघडली, तिनं पोराला मदतीला हाक मारली, तर म्हणाले, बिघडली नाही, पुढं फाटक आहे ना. हेल्मेट काढून, काखेत धरून, उन्हात. नाक्यावर जवान होते दोघं. त्यांच्यासमोर गाडी स्टँडला लावली आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. जवान म्हणाले, बाबा, हात नीचे करो, जाओ. हे हलले नाहीत. शेवटी त्यातल्या एकानं, यांचं मन राखायला म्हणून, खिसे चाचपल्यासारखं केलं. तेव्हा हात खाली घेतले आणि विचारलं, मोबाइल कहाँ जमा होता है?

जवान म्हणाले, इथं कुठंच जमा होत नाही, घेऊन जा, पलीकडेही चालेल. पण रामटेके ऐकतात होय. गाडी तिथंच सोडून परत मागे आले आणि चहावालीला म्हणाले, तुमच्याकडं ठेवता का. ती म्हणाली, एवढा महागाचा फोन अनोळखी माणसाजवळ काहून ठेवता? ते म्हणाले, आतमध्ये न्यायचा नसतो. परत जाताना घेऊन जातो. ती म्हणाली, केव्हा? ते म्हणाले, उद्या संध्याकाळी, याच फाटकातून.

"तो आज शाम को आएँगे," ती म्हणाली. "आप फिकर मत करो।"

ज्या खिडकीत दिला त्याच खिडकीतून घ्यायचा. त्यांनी जमा केला होता. परत येणार होते. मी विनताकडं पाहिलं आणि एकदम मला आठवलं की श्यामसुंदरनंही त्या सकाळी जमाच केला होता, परत घ्यायलाच केला होता. पण विनताचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती फोनवर वाकली होती.

"उसका तो आवाज़ बंद रहता है," ती त्या बाईला म्हणाली. "आपको पता कैसे चला?"

"बंद नहीं है, दीदी," ती म्हणाली. "हमारे सामने खोले। पूरा बढ़ा दिए। दो बार बजाके देखे भी। फिर हमारे हाथ में देके बोले, बजे तो उठा लेना, बजने मत देना। उधर कोई बैठा रहता है।"

ती पुढंही बोलत होती, की गाडी ढकलतच पलीकडे गेले, नेपाळवाल्यांनाही हात वर करून दाखवले, मग तिकडच्या झाडाजवळ किक मारली. मी हौ हौ म्हणत होती. दूध उतू जाऊन गॅस विझला होता, त्याचा वास आला तेव्हा मी उठून बटण बंद केलं. परत आली तर विनतानं फोन कापला होता आणि तो हातात धरून बसली होती. डोळे कोरडे होते तिचे. मग तिनं तोच नंबर पुन्हा लावला.

पहिल्याच घंटीला त्या बाईनं उचलला. "हाँ दीदी, बोलो?"

"कुछ नहीं," विनता म्हणाली. "ऐसे ही लगाया।"

तिनं फोन कापला आणि परत लावला. त्या बाईनं परत उचलला. काही विचारलं नाही तिनं या वेळी, नुसती हाँ म्हणाली आणि थांबली. विनता कानाला फोन लावून ऐकत राहिली, आणि इतक्या वर्षांनी माझ्या घरात, माझ्या पलंगावर बसून, रडायला लागली. मी तिच्या बाजूला बसली.